रोमन रुप्याचा छंद

आमच्या सुशिक्षित मध्यम वर्गांत जुनीं नाणीं जमविण्याचा छंद अलीकडे बराच वाढला आहे. आणि छंद म्हटला कीं त्याची स्तुति करावयाची, हा आपल्याकडे शिष्टाचारच होऊन बसला आहे. पोस्टाचीं तिकिटें, काड्यापेट्यांवरील चित्रें, जुनीं नाणीं हे सर्व एकाच माळेचे मणी समजून पालक मुलांस त्यांकडे वळवितात, आणि मुलाला इतिहासाची गोडी लागली म्हणून शेजाऱ्यांस सांगतात. तिकिटांविषयीं व काड्यापेट्यांविषयीं आमची कांहीं तक्रार नाहीं. तक्रार आहे ती प्राचीन नाण्यांविषयीं, आणि त्यांतही ज्या रोमन चांदीच्या नाण्यास आज कित्येक सुस्थितींतील घरांत देव्हाऱ्याच्या खालोखाल मान मिळूं लागला आहे त्या देनारियसविषयीं. आमचें म्हणणें स्पष्ट आहे. हा छंद ज्या रीतीनें आज चालला आहे ती रीत इतिहासाच्या प्रेमाची नव्हे. तिनें इतिहासाचीं साधनें नष्ट होत आहेत. आणि तीं नष्ट करण्यास हातभार लावणारे लोक अडाणी नसून चांगले पदवीधर आहेत.

हा छंद विशेष फोफावला आहे तो जेथें पैसा नवा आहे तेथें. पिंपरीस १९५४ सालीं पेनिसिलिनचा सरकारी कारखाना उभा राहिला तेव्हां भोंवतालीं बाजरीचीं शेतें आणि बाभळीचीं बनें होतीं. आज निगडीपासून भोसरीपर्यंत आणि तेथून पुढें थेट चाकणपर्यंत मोटारींचे, यंत्रांचे व सुट्या भागांचे कारखाने एकमेकांस खेटून उभे आहेत, आणि त्यांत काम करणाऱ्या अभियंत्यांचीं घरें पुस्तकांनीं व शोभेच्या वस्तूंनीं भरूं लागलीं आहेत. यांत वाईट कांहींच नाहीं. घरांत चार पैसे शिल्लक राहिले म्हणजे मनुष्य आपल्या पोटापलीकडे पाहूं लागतो, आणि तें पाहणें ही सुधारणेची पहिली पायरी आहे असें आम्हांसही वाटतें. परंतु हा मनुष्य पाहतो कोठें? लिलांवाची सचित्र यादी मागवून तिबेरियसचें एक देनारियस विकत घेतो, तें कांचेच्या डबींत ठेवतो, आणि पाहुण्यांस सांगतो कीं येशु ख्रिस्तानें करभाराची गोष्ट सांगतांना हातीं धरलें तें नाणें असलेंच. ज्याच्या कारखान्याचा पाया खणतांना काय निघालें व कोठें गेलें याची त्यानें कधीं विचारपूसही केली नाहीं, त्यास दोन हजार वर्षांपूर्वींच्या रोमन बादशहाचा मुखवटा तोंडपाठ असतो!

त्याचा सगळा दोष आहे असेंही नाहीं. इंग्रजी शिकलेल्या आम्हां सर्वांचीच ही गत आहे. ऑगस्टस आणि तिबेरियस यांचीं नांवें आम्ही लहानपणींच शिकतों; नहपानाचें नांव कानीं पडतें तें पदवीच्या परीक्षेच्या सुमारास, आणि तेंही परीक्षक विचारणार असतील तर.

आतां त्या कांचेच्या डबींतील नाण्याकडे वळूं. सुमारें पावणेचार ग्रॅम वजनाची चांगल्या चांदीची ती चकती. एका अंगास बादशहाचें मस्तक, दुसऱ्या अंगास हातीं राजदंड घेऊन बसलेली स्त्री. विकणाऱ्यानें सोबत दिलेल्या कागदावर बादशहाचें नांव, टांकसाळीचें नांव, वजन, व्यास, झिजेची प्रत हें सारें बारकाईनें लिहिलेलें असतें. लिहिलेलें नसतें तें एकच. हें नाणें कोणत्या गांवच्या, कोणत्या शेतांत, किती खोलीवर, कशाच्या सोबत सापडलें? संग्राहकानें हा प्रश्न विचारला तर विकणारा हंसेल. आणि बहुधा म्हणूनच संग्राहक तो विचारीत नाहीं. १९८९ नंतर पूर्व युरोपांतील राज्यें कोसळलीं तेव्हांपासून बल्गेरिया व आसपासच्या देशांतलीं प्राचीन स्थळें धातुशोधक यंत्रें घेतलेल्या टोळ्यांनीं रात्रीं-बेरात्रीं उकरलीं आणि तेथील नाणीं पोत्यांनीं बाहेर गेलीं, ही गोष्ट आतां गुप्त राहिलेली नाहीं. त्याच भागांत खोटीं नाणीं पाडण्याची विद्याही इतकी वाढली कीं भले भले जाणते फसले. तेव्हां आमच्या अभियंत्याच्या डबींत जें आहे तें एक तर चोरीचें, नाहीं तर खोटें, असण्याचा बराच संभव आहे. आणि खोटें असेल तर आम्ही म्हणूं कीं त्यांतल्या त्यांत बरें झालें, कारण त्याच्या पैशानें निदान कोणाचें थडगें तरी उकरलें गेलें नाहीं.

सापडण्याच्या ठिकाणाचें एवढें स्तोम कां, असें कोणी विचारील. त्यास उत्तर तर्कानें देण्यापेक्षां उदाहरणानें द्यावें हें बरें, आणि उदाहरण आपल्याच घरचें आहे. १९०६ सालीं नाशिक जिल्ह्यांत गोदावरीकांठीं जोगलटेंभी या गांवीं चांदीच्या नाण्यांचा एक सांठा सांपडला. नाणीं होतीं सव्वातेरा हजारांवर, सर्व क्षहरात क्षत्रप नहपान याचीं. एका बाजूस राजाचें मस्तक व भोंवतीं ग्रीक अक्षरें, दुसऱ्या बाजूस बाण व वज्र आणि ब्राह्मी व खरोष्ठी लिपींत त्याचें नांव. सुदैवानें हा सांठा बराचसा एकत्र राहिला व रेव्हरंड स्कॉट या जाणत्या गृहस्थाच्या नजरेखालून गेला. त्यांनीं तीं नाणीं एकेक करून तपासलीं, तेव्हां असें दिसून आलें कीं त्यांपैकीं नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर दुसरा एक छाप मारलेला आहे. नहपानाच्या चेहऱ्यावरच चैत्याची आकृति उमटविली आहे व भोंवतीं गौतमीपुत्र सातकर्णीचें नांव आहे. नाशिकच्या लेण्यांत गौतमी बलश्रीनें आपल्या पुत्रानें क्षहरातांचा वंश निःशेष केल्याचें कोरवून ठेवलें होतेंच. परंतु आईनें मुलाचें केलेलें कौतुक इतिहासकार जरा हात राखूनच स्वीकारतो. जोगलटेंभीनें त्या कौतुकावर शिक्कामोर्तब केलें. जेता राजा शत्रूचें नाणें वितळवीत न बसतां त्यावर आपला छाप ठोकून तेंच बाजारांत परत सोडतो आहे, आणि तीन भागांतले सुमारें दोन भाग त्यानें असे छापून घेतले आहेत, हें कोणत्याही पोथीनें आम्हांस सांगितलें नव्हतें.

आतां कल्पना करा कीं हा सांठा १९०६ मध्यें न सांपडतां आज सांपडला. छापावर छाप मारलेलें नाणें दिसावयास ओबडधोबड असतें; ना राजाचा चेहरा धड, ना अक्षरें धड. लिलांवांत त्याची किंमत कमी येते. मग हातीं घेणारा पहिला मनुष्य काय करील? नहपानाचीं स्वच्छ, सुबक चेहऱ्याचीं नाणीं वेंचून मुंबई-पुण्यास धाडील, आणि उरलेलीं नऊ हजार सोनाराच्या मुशींत जातील. आमच्या संग्राहकांच्या डब्या भरतील. प्रत्येक डबींत नहपानाचा एक सुरेख मुखवटा येईल. आणि त्या सर्व डब्या एके ठिकाणीं आणून ठेवल्या तरी गौतमीपुत्राच्या विजयाचा त्यांत मागमूस लागणार नाहीं. सुबक तेवढें ठेवणें व ओबडधोबड टाकणें ही संग्राहकाची जी दृष्टि, तीच इतिहासाच्या मुळावर येते ती अशी.

रोमन नाण्यांसही हाच न्याय लागतो. १८९८ सालीं तामिळ देशांत पुदुकोट्टै संस्थानांत ५०१ रोमन सोन्याचीं नाणीं एकत्र सांपडलीं, आणि त्यांपैकीं बहुतेकांवर बादशहाच्या मस्तकावर छिनीनें घाव घातलेला आहे. कां घातला? नाणें चलनांतून काढून केवळ धातु म्हणून चालवावें यासाठीं, कीं परक्या राजाची मुद्रा आपल्या राज्यांत नको म्हणून? यावर पंडितांत वाद आहे. पण हा वाद उभा राहिला तो पांचशें नाणीं एकत्र पाहावयास मिळालीं म्हणून. सुटें एकेक नाणें हातीं आलें असतें तर संग्राहकानें त्यास 'खराब प्रत' म्हणून बाजूस सारलें असतें. आंध्राच्या बाजूस अक्कनपल्ले येथें दीड हजारांवर रोमन चांदीचीं नाणीं निघालीं, तीं बव्हंशीं ऑगस्टस व तिबेरियस या दोघांचींच. दक्षिणेंतील सांठ्यांत पुन्हां पुन्हां हाच प्रकार दिसतो, इ. स. ६४ मध्यें नीरोनें चांदीचा कस व वजन उतरविलें, त्यानंतरचीं नाणीं क्वचितच आढळतात. आमच्या दक्षिणेंतले व्यापारी कस लावून नाणें घेत होते हें यावरून दिसतें. ही गोष्ट कोणत्याही एका नाण्यावर लिहिलेली नाहीं. ती त्यांच्या एकत्र असण्यांत आहे.

मग महाराष्ट्रांत रोमन रुपें इतकें थोडें कां सांपडतें? पेरिप्लसकार सांगतो कीं भडोचच्या बंदरांत रोमन सोन्याचीं व रुप्याचीं नाणीं उतरत आणि देशी नाण्यांशीं त्यांचा अदलाबदल नफ्याचा होई. त्याच ग्रंथांत पैठण व तेर यांचींही नांवें आहेत. म्हणजे माल इकडून जात होता व रुपें इकडे येत होतें. तें गेलें कोठें? क्षत्रपांनीं तें वितळवून त्याचीं आपलीं लहान नाणीं पाडलीं असावींत, असा जाणत्यांचा तर्क आहे. तो खरा असेल तर महाराष्ट्रांतील रोमन रुपें पाहावयाचें असल्यास तें नहपानाच्या नाण्यांत पाहावें. लिलांवाच्या यादींत नव्हे. नहपानाचा जांवई उषवदात याच्या नाशिकच्या लेखांत सत्तर हजार कार्षापण म्हणजे दोन हजार सुवर्ण, दर सुवर्णास पस्तीस कार्षापण, असा हिशेबच दिला आहे. त्याच लेखांत गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या श्रेणींकडे तीन हजार कार्षापण ठेव म्हणून ठेवल्याची नोंद आहे. दोन हजारांस दरमहा शेंकडा एक व्याज, आणि एक हजारास शेंकडा पाऊण. भिक्षूंचीं वस्त्रें व त्यांचा किरकोळ खर्च त्या व्याजांतून भागावयाचा. आमचे बँकेंत ठेवी ठेवणारे वाचक हा दर वाचून उसासा टाकतील. पण सांगावयाचें तें असें कीं, हें सारें वैभव आपल्या दाराशीं आहे. जुन्नरच्या मानमोडी डोंगरांत नहपानाचा अमात्य अयम याचा ४६ व्या वर्षाचा लेख आहे. कार्ल्याच्या चैत्यांत धेनुकाकटाच्या यवनांनीं दिलेले खांब आहेत. आणि पिंपरी-चिंचवडच्या अगदीं शिवेवर, देहूरोड-तळेगांवच्या वाटेवरील शेलारवाडीच्या लेण्यांत धेनुकाकटाच्याच एका नांगरधारी कुणब्याच्या पत्नीनें लेणें दान दिल्याची नोंद आहे. नांगरानें शेत नांगरणाऱ्याच्या घरांत लेणें कोरविण्याइतकें द्रव्य कोठून आलें, हा प्रश्न आमच्या अभियंत्यास रविवारीं डोंगर चढतांना पडला तर आम्ही त्याचे शंभर अपराध माफ करूं.

आणि ही जमीन आज जितक्या वेगानें खणली जात आहे तितकी पूर्वीं कधींच खणली गेली नव्हती. जुन्नराकडून घाटांखालीं उतरणारी वाट, चाकणचा किल्ला, पेशवाईंत टांकसाळ चाललेलें चिंचवड, या सर्वांच्या भोंवतालची माती दर आठवड्यास यंत्रानें उचलून मालमोटारींत भरली जाते. तींतून काय जातें हें आम्हांस कळतें तें क्वचित्, आणि कळतें तें पोलिसांकडून. २०२१ च्या मार्चमध्यें पिंपरी-चिंचवड पोलिसांनीं मोंगल काळांतल्या २१६ सोन्याच्या मोहोरा व एका धातूच्या भांड्याचा भाग ताब्यांत घेतला. चिखली येथें बांधकामासाठीं खोदतांना त्या मजुरांच्या हातीं आल्या होत्या. एकंदर वजन २ किलो ३५७ ग्रॅम भरलें. भागाकार करणाऱ्यास दिसेल कीं दर मोहोरेस १०.९ ग्रॅम पडतात, म्हणजे मोहोरेचें जवळजवळ पुरें वजन. नाणीं फारशीं हाताळलेलीं नसावींत. पण हा भागाकार किती जणांनीं केला? वर्तमानपत्रांनीं किंमत छापली, कोट्यवधींचा आंकडा मथळ्यांत आला, आणि चार दिवस घरोघर तोंडांस पाणी सुटलें. मोहोरा मुळांतच २१६ होत्या, कीं २१६ उरल्या? भांडें किती खोल होतें, भोंवतीं वाड्याचा पाया होता कीं मोकळें रान? हे प्रश्न विचारावयास जागा उरली नव्हती, कारण ती जागा तोंवर खोदून पुढें गेली होती.

येथें आमचे संग्राहक मित्र मोठ्या उत्साहानें पुढें येतील. ते म्हणतील, "पाहा, आम्ही नसतों तर मजूर हीं नाणीं सोनारास विकतो. आम्ही किंमत देतों म्हणून नाणें वांचतें." या युक्तिवादांत तथ्य मुळींच नाहीं असें आम्ही म्हणणार नाहीं. सोनाराची मूस आणि संग्राहकाची डबी यांत डबी बरी, हें उघड आहे. पण ही निवड करण्याची पाळी कां यावी? गुपचूप विकत घेणारा आहे म्हणूनच सांठा गुपचूप फुटतो. मजुरास ठाऊक असतें कीं सांगितलें तर जाईल आणि न सांगितलें तर विकेल. आणि हें त्यास शिकविणारा दलाल ज्याच्या पैशावर जगतो तो आमचा सुसंस्कृत ग्राहक. चोरीचा माल घेणारा मनुष्य "मी न घेतला तर दुसरा मोडून टाकील" असें म्हणूं लागला तर न्यायाधीश त्यास सोडील काय?

मात्र या युक्तिवादाची दुसरी बाजू सरकारवर उलटते, आणि ती आम्ही लपवूं इच्छीत नाहीं. १८७८ चा निखात-निधीचा कायदा असा कीं, दहा रुपयांहून अधिक किंमतीचें धन जमिनींत सांपडल्यास कलेक्टरास कळवावें. न कळविणारास एक वर्षापर्यंत कैद. आणि सरकारनें तें धन स्वतःकडे घ्यावयाचें ठरविल्यास मोबदला काय? धातूची किंमत व तिचा पांचवा हिस्सा वर! नहपानाचें नाणें सुमारें दोन ग्रॅम रुप्याचें. त्याचा मोबदला कायद्यानें काय येईल आणि दलाल काय देईल, याचा हिशेब करण्यास चाकणच्या मजुरास गणिताच्या प्राध्यापकाकडे जाण्याची गरज नाहीं. दहा रुपयांची मर्यादा राणीच्या राज्यांत शोभत असेल. आज दहा रुपयांत चहा मिळणेंही कठीण. १९७२ च्या पुराणवस्तूंच्या कायद्यानें व्यापारास परवाना लावला व खाजगी निर्यात बंद केली हें योग्यच केलें, पण शोधणाऱ्याच्या हातावर त्यानेंही कांहीं ठेवलें नाहीं. ज्या इंग्रजांकडून आम्ही हा १८७८ चा कायदा घेतला त्यांनीं आपल्या घरीं १९९६ सालीं नवा कायदा केला. इंग्लंडांत सांपडलेल्या निधीस बाजारभावाप्रमाणें बक्षीस मिळतें, आणि पुढल्याच वर्षापासून साध्या शेतकऱ्यानें आणलेल्या नाण्याचीही जागेसह नोंद करणारे अधिकारी तेथें नेमले गेले. पुष्कळ लोक आपण होऊन नाणें घेऊन येतात, कारण येण्यांत तोटा नाहीं. विलायतेच्या टाकाऊ गोष्टी आम्ही उत्साहानें घेतों. ही टिकाऊ गोष्ट घेण्यास आमच्या विधिमंडळांत एखादा सभासद उभा राहील काय?

संग्राहक हा जातीनेंच वाईट, असें मात्र आमचें मत नाहीं. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं आयुष्यभर क्षत्रपांचीं नाणीं जमविलीं. त्यांवरून राजांची परंपरा लावली. १८८८ मध्यें ते वारले तेव्हां संग्रह ब्रिटिश म्युझियमास दिला होता. तो परदेशीं गेला याची हळहळ वाटते, पण तीं नाणीं त्यांनीं वाचलीं व जगास वाचावयास दिलीं. तेरचे रामलिंगप्पा लामतुरे हे कांहीं पदवीधर नव्हेत, आपल्या गांवांतले व्यापारी. पण पांढरींत व शेतांत निघणाऱ्या मूर्ति, मणी, नाणीं, मातीचे मुखवटे त्यांनीं वर्षानुवर्षें जपले, आणि तेरच्या सरकारी संग्रहालयास आज त्यांचें नांव आहे. त्यांच्या संग्रहांतील वस्तु तेरची आहे हें आम्हांस ठाऊक आहे, आणि एवढें ठाऊक असणें हेंच त्या संग्रहाचें अर्धें मोल होय. नाशिकजवळ अंजनेरीस नाण्यांच्या अभ्यासाची स्वतंत्र संस्था आहे. निगडीहून तेथें जावयास एक दिवस पुरतो. लिलांवांत एका देनारियसला जो पैसा जातो त्यांतून त्या दिवसाचा खर्च भागून पुस्तकांपुरतें उरेल.

आम्ही म्हणतों त्यांत फारसें अवघड कांहीं नाहीं. सांपडल्याच्या ठिकाणाची नोंद नसलेलें प्राचीन नाणें विकत घेऊं नये, मग तें कितीही सुंदर असो. ज्यांच्या हातीं कारखान्यांचे व इमारतींचे ठेके आहेत त्यांनीं खोदकामावरील मुकादमास एवढें सांगून ठेवावें कीं भांडें लागलें तर यंत्र थांबवावें, आणि थांबल्या दिवसाची मजुरी कापूं नये. मजुरी कापली जाणार असेल तर भांडें कोणालाच लागणार नाहीं, हें ठेकेदारांस आमच्याहून चांगलें समजतें. महानगरपालिकेनें बांधकामाची परवानगी देतांना ही अट घातली तर फारच उत्तम.

आणि ज्यांस नाण्यांची खरीच हौस आहे त्यांस बाजारांत जावयाचें कारण नाहीं. खेड, जुन्नर, मावळ या तालुक्यांतून पिंपरी-चिंचवडास आलेल्या शेंकडों कुटुंबांच्या देवघरांत कुंकवाच्या डबीशेजारीं एखादें झिजलेलें, ओळखूं न येणारें नाणें असतें. तें कोणाच्या शेतांत निघालें, विहीर खणतांना कीं नांगरतांना, हें घरांतील म्हाताऱ्या आजीस बहुधा सांगतां येतें. तें तिला विचारावें, शेताचें नांव व साल एका कागदावर लिहावें, आणि तो कागद नाण्याबरोबर त्याच डबींत ठेवावा.